किटीवेकची बॉयलररूम

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी ०८:०० वाजता मी स्कॉटलंडमधल्या क्लाइडच्या खाडीवरच्या एका छोट्या बंदरात रिपोर्ट केलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी ब्रिटिश नौदलात पेटी ऑफिसर होतो, कामाने स्टोकर, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणारा. वाफेची जहाजं एकेक करून निवृत्त होत होती, आणि आम्हा वाफेवाल्यांना काम उरत नव्हतं. म्हणून मला सहा आठवड्यांसाठी ‘किटीवेक’वर धाडलं.

बाबा ग्लासगोत डॉक्टर होते. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून तिथे आलो. पोस्टिंग कळल्यावर ते फोनवर म्हणाले, “म्हणजे तुला म्युझियममध्ये पाठवलंय?”

“जवळजवळ, बाबा.”

“बरं. रविवारी जेवायला ये.”

मी स्टोकर झालो हे त्यांना पटलं नव्हतं. ते कधी बोलून दाखवत नसत.

किटीवेक हे एकोणिसाव्या शतकातलं वाफेवरचं रेव्हेन्यू कटर. जकात चुकवून दारू-तंबाखू आणणाऱ्यांचा पाठलाग करायला सरकारने बांधलेलं छोटं, चपळ जहाज. चोरटा व्यापार घटल्यावर ते दीपगृहांना सामान पोचवू लागलं. शेवटी नुसतंच धक्क्याला बांधून पडलं. गावातल्या लोकांनी ते दुरुस्त करायला घेतलं होतं. हे सगळं मला मिसेस रॉसनी सांगितलं. त्या निवृत्त शिक्षिका. जहाजाची जुनी लॉगबुकं वाचून त्या वहीत उतरवून घेत.

माझे वरिष्ठ होते चीफ मॅकलाउड. वयाने पन्नाशीचे, बोलायला कमी. आम्ही दोघांनी पाच आठवडे पाइप तपासले, व्हॉल्व्ह घासले, स्वयंसेवकांना कोळसा कसा पसरायचा ते शिकवलं. इन्स्पेक्टरने बॉयलर पास केला.

सहाव्या आठवड्यात, गुरुवारी ११:०० वाजता, आम्ही चाचणीसाठी बाहेर पडलो. वारा नैऋत्येचा, वाढता. १४:१० ला वर ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज हाकायच्या जागेवरच्या, रेडिओवर हाक आली. एका मासेमारी बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. बोटीवर मालक आणि त्याची मुलगी, दोघंच. वारा त्यांना खडकांकडे ढकलत होता. लाइफबोटीला पोचायला चाळीस मिनिटं लागणार होती. आम्ही दोन मैलांवर होतो.

चीफनी वरून व्हॉइसपाइपमधून, बोलायच्या नळीतून, विचारलं, “स्टीम?”

“स्टेडी, चीफ.”

“आपण बोट टो करतोय, ओढून नेतोय. फुल अहेड.”

१४:२८ ला दोर बोटीवर पोचला. दोर ताणला गेला तसं इंजिन कण्हायला लागलं. १४:३५ ला फीडपंप थांबला. बॉयलरला पाणी पोचवणारा पंप तो. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या गेजच्या काचेतलं पाणी खाली उतरू लागलं. पाणी संपलं आणि आग चालू राहिली, तर बॉयलर फुटतो. आग काढली, तर जहाज थांबतं आणि बोट खडकांवर जाते.

मी वर कळवलं. चीफ स्वतः खाली आले. त्यांनी काच पाहिली.

“हँडपंपावर दोघं लाव. पाणी काचेत दिसतंय तोवर चालू. दिसेनासं झालं की आग ओढून काढ. मला विचारायचं नाही.”

“हो, चीफ.”

ते वर गेले नाहीत. एका स्वयंसेवकाला बाजूला करून त्यांनी स्वतः पंपाचा दांडा धरला. समोर गावचा पोस्टमन होता. दोघं एका लयीत हापसत राहिले. मी काचेवरची नजर हलवली नाही. पाणी बोटभर उरलं. मग अर्धं बोट. माझा हात आग ओढायच्या आकड्यावर होता, आणि त्या मुलीचा चेहरा मी पाहिलाही नव्हता. पाणी तिथेच थांबलं. बराच वेळ थांबलं. मग केसाएवढं वर सरकलं.

१४:५६ ला लाइफबोटीने दोर घेतला. चीफनी हात पुसले. “चहा कर,” म्हणाले.

रविवारी बाबा बंदरावर आले. मी बोलावलं नव्हतं. बॉयलररूम पाहायची आहे म्हणाले. खाली वाकून उतरले, काच पाहिली, पंपाचा दांडा हातात धरून पाहिला.

“एवढ्याशा काचेवरून ठरवायचं?”

“हो.”

“आम्हीही असंच ठरवतो कधीकधी,” ते म्हणाले. माझ्या कामाबद्दल ते पहिल्यांदाच बोलले.

वर डेकवर मिसेस रॉस वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एक पान उघडलं. हे पान त्यांनी चाचणीआधी आम्हाला मुद्दाम वाचून दाखवलं नव्हतं. किटीवेक एकदा फुटलेल्या बार्कच्या, एका मोठ्या शिडाच्या जहाजाच्या, मदतीला निघालं असताना स्टीमपाइप फुटला होता. दोन माणसं बाहेर न पडता व्हॉल्व्ह बंद करत राहिली. जहाज बार्कपर्यंत पोचलं. बार्कवरचे सगळे वाचले. ते दोघं वाचले नाहीत.

चीफनी टोपी काढली. बाबांनीही काढली. मिसेस रॉसनी नावं वाचली.

डंकन गिलीस, भट्टीवरचा फायरमन. पीटर मन्रो, स्टोकर.

पुढे मी नौदल सोडलं, पण किटीवेक सोडलं नाही. नव्वदच्या दशकात ते दर उन्हाळ्यात मुलांच्या सहली घेऊन खाडीत जायचं, अजूनही जातं. पहिल्या फेरीला, आग पेटवण्याआधी, ती दोन नावं मोठ्याने घेतली जातात. आधी चीफ घ्यायचे. ते गेल्यापासून मी घेतो, आणि आता नावं तीन आहेत.