डोकं आपटलं की बाहेर

नेरूळजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात बाबांची पकड म्हणजे पकड. चढाईला आलेल्याच्या घोट्यावर ते डोकं खाली घालून झेपावायचे आणि समोरच्याचा गुडघा नेमका कानशिलावर बसायचा. मग तोंडावर पाणी मारायचं, पाठीवर थाप द्यायची, की परत आत. या कबड्डीवरच त्यांना तळोज्याच्या कंपनीत नोकरी लागली. मला त्याचा आजही अभिमान आहे, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

पण नव्वद साल उजाडलं आणि ऐन चाळिशीत बाबा विसरायला लागले. कंपनीच्या बसमधून उतरायचं राहून जायचं. मला आत्याच्या नावानं हाक मारायचे, भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावायचे. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या माराचा हा परिणाम. गेलं ते परत येणार नाही. गावाला पटलं नाही. दारू न पिता माणूस असा होतोच कसा? बाबांना मात्र पटलं.

नोकरी सुटली तरी संध्याकाळी ते गावातल्या आम्हा मुलींना कबड्डी शिकवायचे. नियम एकच: डोकं आपटलं की त्या दिवसाचा खेळ संपला. लोक खिदळायचे, "कबड्डी हाय का बालवाडी?" बाबा ढिम्म.

मी बारावीत असताना आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे समोरच बसले होते. पकड करताना गुडघा माझ्या कपाळावर बसला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी उठले, माती झटकली, तोवर बाबांनी येऊन माझा दंड धरला.

"बाबा, काय न्हाय झालंय. मी बरी हाय."

"मीपन आसंच सांगायचो."

त्यांनी मला बाहेर बसवलं. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय!" फिरलेलं होतंच. पण जेवढं शाबूत होतं तेवढं सगळं त्यांनी माझं डोकं वाचवायला लावलं. असा बाप पंचक्रोशीत दुसरा दाखवा.

तेव्हा मात्र मी चरफडत होते. आम्ही हरलो, माझी निवडही हुकली. घरी येईपर्यंत सामना झाला होता हेच बाबा विसरले. माझे रडून सुजलेले डोळे पाहून ते ताडकन उठले, बाह्या सरसावल्या.

"कोन बोल्ला गो तुला? नाव सांग त्याचा."

"कुनी न्हाय, बाबा," मी म्हटलं.