राजूबाईनं फणी हातात घेतली

हुलसूरच्या बाजारातून राजूबाई निघाली की बाया बाजूला सरून वाट देत. डाव्या खांद्यावर उतरलेली तिची जट मनगटाएवढी जाड होती, तिला कायम हळद लावलेली असे, आणि त्या जटेपुढं गावातली भली भली माणसं हात जोडत. मंगळवारी आणि शुक्रवारी ती परडी घेऊन यल्लम्माचा जोगवा मागायची. उरलेले दिवस देवळामागच्या खोलीत एकटीच असायची. ज्याला भ्यायचं, त्याच्या ओट्यावर गप्पा मारायला कोण बसणार?

तिचं आता वय झालं होतं. आपल्यामागं ही परडी कोण उचलणार, हा घोर तिला लागला होता. देवीनं एखादी पोर धाडावी, तिला गाणी शिकवावीत, तिच्या हातचं पाणी प्यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

अशात एका मंगळवारी अडत्या बसवंतप्पांच्या घरून बोलावणं आलं. त्यांची बायको शरणम्मा दारातच उभी होती.

"राजूअक्का, सुनंला जट आलीय. तू बघ आन् भंडारा लाव."

घर लिंगायतांचं. गळ्यात इष्टलिंग, ओठावर बसवण्णांचं नाव, आणि भीती मात्र यल्लम्माची. आपल्याकडं हे असंच चालतं. पूजायला एक देव पुरतो, भ्यायला दुसरा लागतो.

सून हेमावती आतल्या खोलीत वाकळेवर बसली होती. तिचा नवरा माणिकप्पा सिकंदराबादेत कापडाच्या पेढीवर असे. घरातल्या एका लग्नासाठी ती गावी आली आणि हिवतापानं आडवी झाली. आल्यापासून डोक्यावरचा पदर तिनं कधी ढळू दिला नव्हता. सून किती मर्यादेची, म्हणून शरणम्मा शेजारणींना सांगत सुटली होती. ताप उतरल्यावर आज तिला न्हाऊ घालायला पदर काढला, तर मागं केसांचा हा मुठीएवढा गोळा.

जट आली म्हणजे फणी बंद, कात्री बंद. बाई देवीची झाली. घरात राहील, पण नवऱ्याच्या संसारात नाही. माणिकप्पाला दुसरी करून द्यावी लागेल. शरणम्माच्या डोळ्यांपुढं माहेरची एक भाचीही उभी राहून गेली होती. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण प्रपंची बाईचं मन थांबत नाही, पुढचं जेवण मांडूनच ठेवतं. आणि जट ओळखायचा अधिकार गावात एकट्या राजूबाईचा. तिनं भंडारा लावला की पुढं कुणी बोलायचं नाही.

राजूबाईनं शरणम्माला भंडारा आणायला धाडलं आणि ती हेमावतीच्या मागं बसली. तेवढ्यात पोरगी खालच्या आवाजात म्हणाली, "अक्का, मला देवीनं धरलं न्हाई. हे केस मीच असे करून घेतले."

"कामून गं?"

"हौस."

मग तिनं भराभरा सांगितलं. सिकंदराबादच्या छावणीत एका गोऱ्या बाईचं केसांचं दुकान होतं. पेढीच्या भागीदाराच्या बायकोनं तिथं केस वळवून घेतले होते. ते बघून माणिकप्पानंच हिला नेलं. बाईनं केसांच्या बटा कांड्यांवर गुंडाळल्या, वर नाक झोंबणारं औषध लावलं. डोक्यावर एक यंत्र टांगलेलं, त्याच्या तारांचे चिमटे एकेका कांडीला अडकवले. डोकं तापायला लागलं तशी हेमावती डोळे मिटून शिवशिव करत बसली. सगळं सोडून केस धुतले, तर काल दोरीसारखे सरळ असलेले केस सैल लाटांनी पाठीवर उतरले होते. नदी ओसरल्यावर वाळूवर उमटतात तसल्या लाटा.

"आरशात मी मलाच वळखलं न्हाई," हेमावती म्हणाली. "लई बरं वाटलं, अक्का. वाटलं, ही बी मीच हाय व्हय?"

गोऱ्या बाईनं तेल लावू नको म्हणून बजावलं होतं. त्यात सासूची धास्ती, म्हणून पदराखाली झाकून ठेवले. मग ताप आला, आणि कोरडे वळलेले केस उशीवर घासून घासून एक झाले. परधर्माच्या बाईनं डोक्याला हात लावला हे सांगावं तर सासू उंबरा चढू देणार नाही, न सांगावं तर नवराच जातोय. इकडं आड, तिकडं विहीर.

राजूबाई आणखी जवळ सरकली. पुढच्या मोकळ्या लाटांवरून तिनं हात फिरवला. मग बोटं गोळ्यात घातली. वरून घट्ट होता, पण मुळाशी केस न् केस सुटा होता.

तिचा हात तिथंच थांबला. लहानपणी राजूबाईला गोवर निघाला होता. सुगीचे दिवस, आई दिवसभर कुणाच्या तरी रानात कापणीला. पोरीच्या केसांना तेल लावायला घरात कुणी नव्हतं. ती उठून बसली तेव्हा मागं असाच गोळा होता. म्हातारी जोगतीण आली, तिनं वरूनच बघितलं आणि भंडारा लावला. आई रडली, आणि मग तिच्या पाया पडली. पोटच्या पोरीच्या पाया. त्या दिवसापासून आईनं तिला कधी मांडीवर घेतलं नाही.

गोळ्यात बोटं घालून कुणी बघितलंच नव्हतं.

शरणम्मा भंडाऱ्याची वाटी घेऊन आली. राजूबाईला एक चिमूट पुरली असती. परडीला धनी मिळाला असता, खोलीत बोलायला माणूस आलं असतं, म्हातारपणाला बसवंतप्पांच्या घराचा आधार झाला असता. आणि आपलं आयुष्य खरं ठरलं असतं, हे सगळ्यांत मोठं. तिला मोह झाला. का होऊ नये? देवीची असली तरी माणूसच होती ती.

"वाटी ठेव तिकडं," ती म्हणाली. "एरंडेल आण. आन् फणी."

"फणी?" शरणम्मा घाबरली. "आगं, देवी कोपंल."

"कोपली तर माझ्यावर कोपंल. हात माझा हाय."

फणी कशी धरायची हेच तिचा हात विसरला होता. आधी ती उलटीच धरली. मग तेल चोळून चोळून एकेक बट टोकाकडून सोडवायला घेतली. हेमावती कळ सोसत होती. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, तरी राजूबाई उठली नाही. शेवटची गाठ सुटली तेव्हा तेलानं जड झालेले केस पाठभर पसरले, लाटांसकट.

"ही जट न्हाई. दुखण्यातला गुंता हुता."

"मग हे वाकडे कशानं झाले?"

"तापानं वळत्यात कधी कधी," राजूबाई शांतपणे म्हणाली. जोगतिणीचा शब्द. शरणम्मानं तो मानला आणि पाणी तापवायला गेली.

हेमावतीनं राजूबाईचा तेलकट हात धरला. "अक्का, बसा. तुमचीबी मी सोडवते. किती बी येळ लागंना."

राजूबाईचा दुसरा हात आपोआप जटेवर गेला. "माझी ऱ्हाऊ दे, पोरी. ही सुटली तर इतकी वर्सं मी कोण हुते, हे कुणाला इचारू?"

निघताना शरणम्मानं सुपात जोंधळा आणला. नेहमीसारखी पाया पडायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली. तिनं सुनेच्या मोकळ्या केसांकडं बघितलं, मग राजूबाईच्या जटेकडं. तिला काय सुचलंय ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि सुचलेलं पुसून टाकता येत नव्हतं.

राजूबाईनंच खांद्याला धरून तिला उभं केलं.

"वाकू नकोस, शरणम्मा," ती म्हणाली. "नुसता जोंधळा घाल."