महिनाअखेरची खरेदी

सुताला रंग देणाऱ्या त्या कारखान्यात त्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला थांबाराव म्हणत. सुताच्या लडी टाकीतून काढायची कुणी घाई केली, की हा हात आडवा धरायचा आणि म्हणायचा, "थांबा जरा." ओलं सूत नेहमी गडद दिसतं, डोळे फसतात. घाईनं काढलेला रंग पहिल्याच धुण्यात दगा देतो, हे तो उमेदवारीच्या दिवसांत पगार कापून घेऊन शिकला होता. ज्या सवयीनं आयुष्यभर पोटाला दिलं, तिच्यावर तो शंका तरी कशी घेणार?

त्याचं निम्मं आयुष्य एका लाँड्रीच्या डोक्यावरच्या दोन खोल्यांत गेलं. खाली दिवसभर बॉयलर चालायचा, वर फरशी तापायची, भिंतींना ओल सुटायची. बायको घरी उशांच्या अभ्र्यांना कडा शिवून द्यायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "आम्ही इथे राहत नाही, वाफेवर शिजतो." तिची मागणी एकच होती. स्वयंपाकाच्या ओट्यासमोर खिडकी हवी.

तशी खिडकी असलेलं घर सापडलं तेव्हा थांबारावाच्या निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. घर एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं होतं. त्या मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. भाव जमला, जन्मभराच्या बचतीतून विसार दिला, बँकेनं पगार पाहून कर्ज मंजूर केलं. घरमालकाला खोल्या सोडत असल्याचं कळवलं. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी नवरा-बायकोला आकाश ठेंगणं झालं. बाई तर महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात खरेदीखत करून किल्ल्या द्यायला तयार होत्या.

इथेच थांबारावाचा हात आडवा झाला.

झालं असं, की त्याचा मेहुणा एका वाहतूक कंपनीत हिशेब पाहायचा. बँकेचं गणित त्यानंच समजावून सांगितलं. बँक पैसे देईल त्या दिवसापासून महिनाअखेरपर्यंतचं व्याज वेगळं घेते, मग पुढचा पूर्ण महिना जातो आणि त्यानंतर पहिला हप्ता येतो. ते ऐकून थांबारावानं स्वतःचं गणित मांडलं. या महिन्याचं भाडं आपण देऊन बसलो आहोत, मग याच महिन्याचं व्याजही कशाला भरायचं? खरेदी महिनाअखेरीस केली तर वेगळं व्याज एक-दोन दिवसांचंच पडेल. पहिला हप्ता तर मधला पूर्ण महिना गेल्यावरच येईल, तोवर बोनसही हातात येईल.

"भाऊजी, व्याज वाचत नाही हो त्यानं," मेहुणा म्हणाला. "घर जितके दिवस तुमचं, तितक्या दिवसांचं व्याज. तुम्ही घरच उशिरा घेताय, एवढंच."

"आणि दिलेलं भाडं?"

"ते गेलं समजा. समोरून किल्ली मिळतेय, ती खिशात टाका."

"तू ट्रकवाल्यांचा माणूस. तुला गाडी सुटायचीच घाई."

तिघंही हसले. बायकोच्या मनात काहीतरी आलं होतं, पण पैशांच्या गोष्टीत ती मधे बोलत नसे. तेव्हाही बोलली नाही.

कागदावर त्याचं काही चुकत नव्हतं. मधल्या तीन आठवड्यांत जगात काहीच घडणार नाही, एवढं मात्र तो धरून चालला होता. बाईंचं सामान बांधून तयार होतं, मुलगा न्यायला आला होता, तरी थांबारावानं शब्द टाकल्यावर त्या राजी झाल्या. मुलानं मात्र करारात लिहून घेतलं की महिनाअखेर चुकली तर सौदा रद्द आणि विसार जप्त.

महिना निम्मा सरला आणि कारखान्याला रंगवायला सूत देणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकानं काम काढून घेतलं. टाक्या एकेक करून थंड झाल्या. रात्रपाळी बंद, जादा काम बंद. थांबारावाची नोकरी राहिली, जुना माणूस म्हणून. पण पगाराचा चांगला तिसरा हिस्सा जादा कामातून यायचा, तो गेला.

त्यानं हे कुणापासून लपवलं नाही. लपवता आलंही नसतं. कर्ज देण्याआधी बँक सगळ्यात ताजी पगारपावती मागते. पहिल्या आठवड्यात गेला असता तर जुनी पावती चालली असती. कारखान्यात पगार आठवड्याला होई, म्हणून आता नवी, घटलेल्या पगाराची लागली. बँकेतली मुलगी त्याची लेक शोभेल एवढ्या वयाची होती. तिनं पावती दोनदा पाहिली, आत जाऊन साहेबांना विचारून आली, त्याला पाणी दिलं. एवढ्या पगाराला आधीचा हप्ता बसत नाही, म्हणून कर्ज कमी होईल, असं तिनं अगदी हळू आवाजात सांगितलं.

कमी पडणारी रक्कम उभी करायला त्यानं जिवाचं रान केलं. मेहुण्यानं आपली ठेव मोडली आणि एका शब्दानंही "मी सांगत होतो" म्हटलं नाही. बायकोनं बांगड्या काढून दिल्या. कारखान्यातून उचल मिळेना, तिथे सगळेच हात पसरून उभे होते. तरीही खड्डा भरला नाही.

शेवटच्या दिवशी तो मुदत मागायला बाईंकडे गेला. दारातून रिकामी खोली दिसत होती. मुलगा बोलायला पुढे आला, पण बाईंनी त्याला थांबवलं.

"मी निघाले होते हो," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी राहिले."

बाईंच्या आग्रहामुळे मुलानं निम्मा विसार परत केला. करार पाहता तेवढंही देणं त्याला भाग नव्हतं. घर पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाला गेलं.

इकडे लाँड्रीवाल्या घरमालकानं नव्या भाडेकरूकडून आगाऊ पैसे घेतले होते. त्यानं हात जोडले, पण खोल्या काही दिल्या नाहीत. धावतपळत दुसरी जागा शोधावी लागली. मिळाली तीही दोनच खोल्यांची. भाडं ऐकून थांबाराव पायरीवर बसला. बँकेच्या हप्त्यापेक्षा जेमतेम कमी होतं. जो हप्ता आपल्याला झेपणार नाही असं ठरलं होतं, जवळजवळ तेवढेच पैसे आता महिन्याला जाणार होते, आणि म्हातारपणी त्यातली एक वीटही आपली नसणार होती.

सामान लावून झाल्यावर बायकोनं त्याच्यापुढे चहा ठेवला. तो म्हणाला, "तू त्या दिवशी काहीतरी बोलणार होतीस."

तिनं पातेलं पुसायला घेतलं.

"बोलले असते तर ऐकलं असतंत?"

त्याला खोटं बोलता येईना. तिनं पातेलं पालथं घातलं आणि साध्या आवाजात सांगितलं, की इथला मालक भाडं पहिल्या तारखेला आगाऊ घेतो, तेव्हा उद्या पैसे काढून आणा.