अकरा अधिक एक

गाडी जोडून झाली की ट्रेमध्ये एखादा बोल्ट उरतोच, तसे आमच्या चाकणच्या वर्कशॉपमध्ये किस्से उरतात. बोल्टचं मात्र बाहेर बोलू नका.

आमच्याकडे आलिशान गाड्या येतात. फोरमन जगताप काका. त्यांची उभी हयात प्रेस शॉपच्या धडधडाटात गेली, तरी म्हणतात, "स्कॅनर तुम्हा पोरांना. मी इंजिन कानाने ओळखतो." मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन त्यांच्या हाताखाली ऑइल बदलते. बारा सिलिंडरच्या इंजिनाला हात लावायचा नाही.

*

हात सोडा, नावही घ्यायचं नाही. "बारा म्हटलं की बारा वाजतात," हा काकांचा नियम. आमच्याकडे ते 'अकरा अधिक एक'.

एका कस्टमरने फोनवर विचारलं, "गाडी किती वाजता मिळेल?" रिसेप्शनवरून सवयीने उत्तर गेलं, "अकरा अधिक एक."

तो अकरा वाजून एक मिनिटाने हजर!

*

मोशीचे अण्णा अशीच बारावाली गाडी घेऊन आले. तक्रार काय, तर आवाज नाही.

"गल्लीत शिरलो तर कुत्रं मान वर करत न्हाई. एवढी गाडी घिऊन उपयोग काय, राव?"

काका गंभीरपणे म्हणाले, "हॉर्न मोठा बसवू."

*

खंडेनवमीला अण्णांची गाडी आमच्याकडेच होती. काकांनी बॉनेट उघडून इंजिनावर झेंडूची फुलं उधळली. पुढे गाडी धापा टाकायला लागली. एअर फिल्टर उघडला, तर आत पाकळ्या.

"देवाचं आहे, राहू दे," काका म्हणाले.

"काका, देवाला चालेल. इंजिनाला हवा लागते."

फिल्टरसोबत सगळे स्पार्क प्लगही बदलायचे ठरले. मी हट्टच धरला, काम मला द्या. काका वैतागले. "कर. पहिल्या स्टार्टला चालू झालं, तर पुढची अकरा अधिक एक तुझी. नाही झालं, तर कायमची रिसेप्शनला."

*

काम झालं. सगळं वर्कशॉप भोवती जमलं. अण्णांचे वडील आधीच मागच्या सीटवर जाऊन बसले होते. मी बटण दाबलं.

काकांनी बॉनेटवर कान टेकवला. बराच वेळ ऐकलं. मग मान हलवली.

"बंद आहे. तरी सांगत होतो, पोरींचं काम नाही. जा, रिसेप्शनला जा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागची काच खाली झाली.

"आरं फोरमन," म्हातारबाबा म्हणाले, "बंद हाय तर ह्यो एसी जरा कमी कर की. मगाधरनं कुडकुडतोय मी."