नातीची सीट सामानात गेली

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. विमानतळावरून हडपसरला परतल्यावर नुसता बसून होतो.

मुलगा आणि सून आज दीड वर्षाच्या सईला घेऊन दिल्लीला निघाले. गाडीत लहान मुलांना पट्ट्याने बांधून बसवतात, ती सीट विमानातही चालते, फक्त बाळाचं वेगळं तिकीट लागतं, असं कळल्यावर मी मुलाच्या मागे लागलो. "सईचं वेगळं तिकीट काढलंय, बाबा," तो म्हणाला. मग रोज सोफ्यावर सीट ठेवून मी तिला सवय लावली. आता ती रडत नाही, स्वतःच पट्टा ओढते.

आज विमानतळाच्या गेटवर त्याने ती सीट ट्रॉलीवर बॅगांखाली दाबली. मी म्हटलं, "अरे, वर ठेव, आत लागेल."

"ती सामानात जाणार. सई मांडीवर बसेल."

"आणि तिकीट?"

"तुम्ही घोर लावून घेता, म्हणून तसं म्हटलं."

सून म्हणाली, "अहो बाबा, सगळेच मांडीवर घेतात."

घेत असतील. पण मला खोटं का सांगायचं?

विमान अजून हवेत आहे. ते हेलकावे खातं तेव्हा मांडीवरचं मूल हातात राहतं का? मुलगा "काही होत नाही" म्हणेल, पण आता त्याचं खरं कसं मानू? तुमच्यापैकी कुणी असं मूल घेऊन गेलं असेल, तर खरं काय ते लवकर कळवा.