नागसेनची हातोडी आणि पार्श्वनाथअण्णाचा भोंगा

...आणि पार्श्वनाथअण्णानं माईक खाली ठेवला तरी त्याचा आवाज भोंग्यातनं अजून गरगरतोय असं आम्हाला वाटत होतं, इथवर काल सांगून झालं. मग चहा आला आणि गोष्ट राहिली. आता पुढचं सांगतो. पण पुढचं सांगायचं तर आधी नागसेनबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळं प्रकरण शेवटी त्याच्या एका सहीवर येऊन थांबलं होतं.

नागसेन आमच्याच गावचा, गडमुडशिंगीचा. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला, चौऱ्याऐंशी सालापासून. त्याचं काम असं, की ओतलेलं कास्टिंग थंड झालं की हातात एक छोटी हातोडी घ्यायची आणि हलकेच वाजवायचं. माल चांगला असेल तर घंटेगत खणखणतो. आत कुठं चीर असली, पोकळी असली, तर बद्द आवाज येतो. बाहेरनं बघितलं तर दोन्ही एकसारखेच चकचकीत. नागसेन डोळे मिटून ऐकायचा आणि बद्द वाजलेल्यावर खडूनं फुली मारायचा. मालक म्हणायचा, "मशीन चुकंल, नागसेन न्हाय चुकायचा."

पण ती सवय त्याला घरीदारी लागली. एकदा कुंभाराकडं माठ घ्यायला गेला. आपण सगळेच माठ वाजवून घेतो, दोन-तीन वाजवतो आणि एक उचलतो. ह्यानं ओळीनं सगळे वाजवले, एकही घेतला नाही आणि कुंभारालाच विचारलं, "तुमच्या घरात कुठला हाय, तो दावा." पोरीला, म्हणजे संघप्रियाला, शाळेत घालायला गेला तेव्हा हेडमास्तर इमारतीचं कौतुक सांगत होते आणि हा खांबावर टिचक्या मारत होता. त्याची बायको विठाबाई सांगते, "मला बघायला आलं तवा माझ्या बापाला म्हणालं, पोरगी सातवी पास म्हणता, तर दाखला दावा. बापानं दावला. मग बाप म्हणाला, आता तुमचा दावा की पावणं. तर सहावी नापास!"

असला हा शंकेखोर माणूस. म्हणूनच आम्ही त्याला फुटबॉलचा लाईनमन केला होता. तरुणपणी स्वतः खेळायचा, गुडघा गेला तेव्हापासून लाईनीवर. झेंडा त्याच्या हातात असला की दोन्ही बाजूचे लोक त्याला शिव्या द्यायचे. त्याअर्थी तो बरोबर असणार, असं आमची स्पर्धेची कमिटी धरून चालायची.

आता पार्श्वनाथअण्णा. तोही गडमुडशिंगीचाच, बियाणं-खताचं दुकान आणि चार एकर मळा. पण त्याची खरी इस्टेट म्हणजे गळा. कुस्तीचं मैदान असो नाहीतर फुटबॉल, अण्णा बोलायला लागला की आंधळ्यालाही सामना दिसावा. आणि स्मरण असं, की दहा वर्षांपूर्वीचा गोल विचारा, त्या वेळी बोललेलं वाक्य न् वाक्य परत म्हणून दाखवायचा. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पैलवान नुसत्या नावानं मैदानात येत नाही. गाव, बाप, वस्ताद, तालीम, सगळं घेऊन येतो. अण्णानं ती रीत फुटबॉलमध्ये आणली. पोरानं गोल मारला की आधी गाव, मग बाप, मग पोरगा. बाप गर्दीत असला तर रडायचाच.

दोन हजार पाच साली मंगळवार पेठेतल्या संघानं एक आफ्रिकेचा पोरगा खेळवला. नाव एमेका, नायजेरियाचा, इथं कॉलेजात शिकायला आलेला. उपांत्य सामन्यात त्यानं तिघांना चकवून गोल मारला आणि अण्णा भोंग्यातनं गरजला:

"काळाकुट्ट ढग सुटला, मंडळी! जंगलातलं जनावर मोकळं झालं! ह्याला डोकं लावायची गरजच न्हाय, ह्याच्या रक्तातच पळणं हाय!"

मैदान हसलं, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. पुढं दहा मिनिटांत त्याच संघाच्या पृथ्वीराजनं गोल मारला तर अण्णा म्हणाला, "वडणग्याच्या दिनकररावांचा नातू! काय डोकं, काय हुशारी, बुद्धिबळ खेळला पोरगा!"

तो संघ फायनलला गेला. तीन दिवसांनी कमिटीकडं पत्र आलं, एमेका आणि त्याच्या कॉलेजातल्या पोरांच्या सह्यांचं. त्यात म्हटलं होतं, भोंग्यातलं निवेदन वर्णद्वेषी होतं, म्हणून अंतिम सामन्याला ह्या निवेदकाला माईक देऊ नये. खाली एमेकाचं म्हणून एक वाक्य होतं: 'भोंगा काय बोलतो ते मला कळत नाही, पण माझ्या वेळी लोक वेगळं हसतात, हे कळतं.'

अण्णाचा चेहरा पडला. बावीस वर्षांत त्यानं एक फायनल चुकवली नव्हती. आईच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी माईकवर आलेला माणूस तो. माईक काढून घेणं म्हणजे त्याला मैदानाबाहेर भिंतीला उभं करणं.

आमच्या कमिटीत जो गोंधळ उडाला तो काय सांगू. अध्यक्ष बाळासो म्हणाले, "वर्णद्वेष ही गोऱ्यांच्या मुलखातली भानगड. आपल्यात गोरं हायच कोण? तात्या, तुमीच सांगा, मी काळा का गोरा?"

मी म्हटलं, "बाळासो, तुमी उन्हात काळं आन् फोटोत गोरं."

कुणी म्हणालं, काळा ढग म्हणजे कौतुकच. कुणी म्हणालं, आपण पैलवानाला रेडा म्हणतो तेव्हा त्याची आई तक्रार करते का? दुसरा म्हणाला, मग डोकं लावायची गरज न्हाय हे का म्हटलं? तिसऱ्याला भलताच संशय. हे पत्र पलीकडच्या पेठेनं लिहून घेतलंय, आपला माणूस फोडायला. मग प्रत्येक जण दुसऱ्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागला. बाळासोंनी पत्र उजेडाला धरलं आणि म्हणाले, "ही भाषा कॉलेजच्या परदेशी पोरांची न्हाय. एवढं शुद्ध मराठी कुणी लिवलं?" आणि त्यांना आठवलं, नागसेनची संघप्रिया त्याच कॉलेजात आहे.

शेवटी ठरलं असं. भोंगा लाईनमनच्या डोक्यावर होता, सगळं नीट ऐकलं असेल तर नागसेननं. त्यानं लिहून द्यावं, आक्षेपार्ह काही नव्हतं, की विषय मिटला. कागद बाळासोंनी आधीच टाईप करून आणला होता. फक्त सही पाहिजे होती.

शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर नागसेन थेट तालमीत आला, कमिटी तिथंच बसायची. कपड्यांना काळी वाळू, खांद्याला पिशवी. पिशवीतनं डबा काढला, मग हातोडी काढून टेबलावर ठेवली. बाळासो खुर्चीसकट मागं सरकले.

"ती कशाला आणलीस लगा?"

"कामावरनं आलोय की. ठेवू कुठं, डोक्यावर?"

"नागसेन, खरं सांग. पत्राचं अक्षर कुणाचं?"

"माझ्या पोरीचं. त्यात लपवायचं काय? त्या पोरानं इंग्रजीत सांगितलं, तिनं मराठीत लिवलं. मला दावलं न्हाय, दावलं असतं तर मी दोन चुका काढल्या असत्या."

"सहावी नापास माणूस चुका काढणार!" मागनं कुणीतरी बोललं. सगळे हसले, नागसेनही.

पार्श्वनाथअण्णा कोपऱ्यात बसला होता. तो उठून पुढं आला. आवाज अगदी खाली. "नागसेन, तू मला वीस वर्सं ऐकतोयस. माझ्या मनात तसलं काय हाय का? मी पोराचं कौतुकच केलं की."

नागसेननं टाईप केलेला कागद वाचला. दोन्ही बाजू वाचल्या. मागची कोरी होती तीही बघितली. मग म्हणाला, "अण्णा, एक काम करा. तोच गोल परत सांगा. तुमाला सगळं पाठ असतंय."

अण्णाच्या तोंडावर जरा तेज आलं. त्यानं घसा साफ केला आणि माईक नसताना मैदान उभं केलं. काळाकुट्ट ढग, जंगलातलं जनावर, रक्तातलं पळणं, सगळं जसंच्या तसं. आमच्या अंगावर काटा आला, असा आवाज.

"आता हेच पृथ्वीराजच्या नावानं म्हणा."

"म्हंजे?"

"गोल तोच. पळणारा पृथ्वीराज. शब्द तुमचंच ठेवा, एक बदलू नगा."

मला तेव्हाच संशय आला. हा माणूस हातोडी टेबलावर ठेवून दुसऱ्याच हातोडीनं वाजवायला लागलाय. अण्णालाही आला असावा, पण कमिटी बघत होती. त्यानं हात वर केला.

"काळाकुट्ट... न्हाय, पोरगा गोरा हाय, ते सोड. वडणग्याच्या दिनकररावांचा..."

"त्यात वडणगं न्हवतं अण्णा. आजोबाबी न्हवतं."

"बरं. जंगलातलं जनावर मोकळं झालं! पृथ्वीराज! ह्याला डोकं लावायची..."

आणि तिथं अण्णा थांबला. तोंड उघडं, हात वर, शब्द बाहेर येईना. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलेलं मी बघितलं.

"का थांबला?" नागसेननं विचारलं.

"हे त्याला शोभत न्हाय."

"का?"

"अरे, दिनकरराव पहिल्या रांगेत बसत्यात. त्यांच्या नातवाला डोकं न्हाय म्हणू व्हय मी?"

"मग त्या पोराचा आजा पहिल्या रांगेत न्हवता, म्हणून म्हटलं?"

बाळासो टाईप केलेल्या कागदाच्या कडा सारख्या करत बसले.

मग अण्णा एकदम नागसेनकडं वळला. डोळे बारीक केले. आता त्यालाही काहीतरी बद्द वाजल्यासारखं झालं असावं. "त्र्याण्णव सालचा तुझा गोल," तो हळू म्हणाला, "कोपऱ्यातनं मारलेला. तवा मी काय म्हटलेलो?"

"तुमाला पाठ असंल की."

अण्णाला पाठ होतं. त्यानं म्हटलंही, पण सगळा गळा काढून टाकून, नुसतं ओठांनी. "वस्तीचा रेडा सुटला. ताकद बघा ताकद."

"आन् आपलं गाव एकच," नागसेन म्हणाला. "माझा बा त्या दिवशी तिथंच हुता. कुंपणाला टेकून. गावाचं नाव येतंय का म्हणून कान लावून उभा हुता."

मी गडमुडशिंगीचा. तो सामना मी बघितलेला. गोलवर नाचलो होतो, घरी येऊन चारचौघांत सांगितलाही होता, शंभर वेळा सांगितला असेल. पण त्यात गाव नव्हतं हे मला बारा वर्षांत एकदाही ऐकू आलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या कानावर माझा भरवसा राहिलेला नाही. गोष्टी सांगायच्या थांबवल्या नाहीत, ते वेगळं.

बाळासोंनी शेवटी पेन पुढं केलं. "बाबा, आता तूच सांग. सही करणार का न्हाय? फायनल उद्यावर आलीय. अण्णाला माईक द्यायचा का काढून घ्यायचा? आन् त्या पोरांना काय लिवू, वर्णद्वेष हुता का न्हवता?"

अण्णा खाली बघत उभा होता. म्हणाला, "लिव बाबा, काय लिवायचं ते लिव. मी काय आता बोलत न्हाय."

नागसेननं टाईप केलेल्या कागदावर खडूची मारतो तशी पेनानं फुली मारली. खिशातनं एक चिठ्ठी काढली, संघप्रियाच्या अक्षरातली, आणि ती अण्णाच्या हातात दिली. तिच्यावर एमेकाबद्दल तीन ओळी होत्या: गाव अवगू, वडील शाळामास्तर, खेळ शिकवणारा चुलता ओबी. मग हातोडी पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली आणि बोलला. ते त्याच्याच शब्दांत देतो, माझा एकही शब्द मिसळत नाही:

"वर्णद्वेष हुता, असंच लिवा बाळासो, शब्द बदलू नगा. माईक अण्णालाच द्या, दुसऱ्या कुणाला दिला तर तो ह्येच बोलणार, फक्त वाईट आवाजात बोलणार. पण उद्या पहिलं नाव ह्या पोराचं घ्यायचं, गावासकट, बापासकट. आन् अण्णा, मी काय तुमच्यावर भरवसा ठेवून जात न्हाय. उद्या लाईनीवर मीच हाय, भोंगा माझ्या डोक्यावर हाय. एक डोळा पोरांच्या पायांवर आन् दोन्ही कान तुमच्यावर. गाव गाळलं की झेंडा वर, मग सामना थांबला तरी चालंल."