बार्नो आपाची एकुलती जोडी

मर्गिलानच्या बाजारात बार्नो आपा रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स विकते. पूर्वी बायकांच्या भुवया रंगवायची, आता डॉक्टरीणबाईंचा तोरा मिरवते. घालून बघायची जोडी एकच. ती दहाजणींच्या डोळ्यांतून फिरते आणि मधूनमधून ही बया ती किटलीतल्या हिरव्या चहात बुचकळते. चहाने म्हणे डोळे निवतात. गेल्या महिन्यात एकीचा डोळा पिकला, तरी हिला लाज नाही. काल लग्न ठरलेली हुल्कार तीच जोडी घालायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"आपा, आधी तू घालून दाखव."

"मी? शी! सकाळपासून अख्ख्या बाजाराने घातलीय ती!"

हुल्कारने जोडी आपाच्या चहाच्या पेल्यात टाकली. "मग पिऊन टाक, आपा," म्हणाली, आणि आपले काळेभोर डोळे घेऊन चालती झाली.